काठावरच्या गावची वीणा

लोकसभेचं वर्ष उजाडलं की वाघजाईवाडीच्या रस्त्याला आपोआप डांबर लागतं. कुंडलच्या पलीकडचं हे एवढंसं गाव. एरवी एसटीसुद्धा मनात आलं तर इकडं वळते. पण मागच्या खेपेला इथली जागा जेमतेम एका लग्नाच्या वऱ्हाडाएवढ्या मतांनी गेली होती, आणि ते वऱ्हाड वाघजाईवाडीचंच होतं, असं दोन्ही पक्षांनी मनाशी पक्कं धरलं. तेव्हापासून गावाचा भाव वधारला.

आकारामतात्यांची सून वल्लरी मोबाईलवर वाचून सांगायची, "तात्या, दिल्लीवाल्यांनी काठावरच्या जागा हुडकून काढल्यात. आपली त्यात लय वर हाय."

तात्या म्हणायचे, "काठावर बसल्यालं माणूस एकतर पाण्यात पडतंय, न्हाईतर गुमान घरला जातंय. आपुन घरला जाऊ. ताक आण."

पण बोलायला सोपं. तात्यांच्या मनात कुसळ सलत होतं ते दुसरंच. चैत्रात, हनुमान जयंतीला संपणारा गावचा अखंड हरिनाम सप्ताह त्यांच्या वडिलांपासून त्यांच्या घराकडे होता. सप्ताह बसला की वीणा उभी राहते. ती एकदा गळ्यात आली की संपेपर्यंत जमिनीला टेकवायची नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. गळ्यात वीणा असलेल्यानं बसायचं नाही, हरिनामाशिवाय बोलायचं नाही, आणि पुढचा माणूस सोडवायला येईपर्यंत हलायचं नाही. मंडपात येणारा लहान असो की थोर, आधी त्या वीणेकऱ्याच्या पायांवर डोकं ठेवतो. वाघजाईवाडीत त्यावर आणखी एक रीत होती: वरच्या आळीच्या माणसाला खालच्या आळीच्यानं सोडवायचं, खालच्याला वरच्यानं. जुन्या माणसांनी ती का घातली कोण जाणे, पण त्यामुळं वीणा कुठल्याच आळीची झाली नव्हती.

आता मात्र आळ्या पक्षांच्या झाल्या होत्या. वरच्या आळीचा अर्जुना खासदार नानासोंचा, खालच्या आळीचा तानाजी नव्या उमेदवाराचा, राजसदादाचा. दोघं तालमीतले जोडीदार, एका ताटात जेवलेले. आता एका टपरीवर चहा घेत नव्हते. आणि परवा मिरजेहून रसूलभाईंचा फोन आला होता. गावची वीणा त्यांच्या वडिलांनी घडवलेली. भोपळ्याला चीर गेली, खुंटी सैल झाली की ती मिरजेला त्यांच्याच हाताखाली जायची.

"तात्या, तुमच्या तानाजीनं दुसरी वीणा सांगितलीय. जुनीला काय झालं?"

"जुनी धडधाकट हाय, भाई," तात्या म्हणाले. "चीर गावाला गेलीया."

दुसरी वीणा म्हणजे दुसरा मंडप, दुसरा सप्ताह. एका मारुतीपुढं दोन भोंगे. हे बघायला आपण जगलो कशाला, असं तात्यांना झालं.

त्यात भर म्हणून सप्ताहाच्या शेवटच्या संध्याकाळच्या कीर्तनाला अर्जुनानं नानासोंना बोलावलं, आणि ते कळताच तानाजीनं राजसदादाला.

"पयला नारळ खासदारांचा," अर्जुना म्हणाला. "मान हाय त्येंचा."

"मग आमी बायापोरांसकट उठून जाणार," तानाजी म्हणाला. "आवं तात्या, आत्ताच सांगतो, मागनं म्हणू नगा."

दुपारी वाईहून कीर्तनकार विनोदिनीताई आल्या. पितळी तांब्यातलं पाणी पिऊन जरा टेकल्या, तोच तात्यांनी सगळं गाऱ्हाणं त्यांच्यापुढं ओतलं. ताई हसल्या.

"तात्या, सप्ताहात माणसाला मान असतो हे मला आजच कळलं. मी समजत होते, तो वीणेला असतो."

"ते बोलायला बरं हाय, ताई. तानाजीला सांगा."

"मी कशाला सांगू? ज्याचा सप्ताह आहे, तो सांगेल की." आणि त्यांनी देव्हाऱ्यातल्या मारुतीकडं बोट केलं.

तात्यांना काही पटलं नाही, पण ताईंपुढं बोलणार कोण? उन्हं कलल्यावर ते मंडपात गेले, आंघोळीच्या ओल्या केसांनीच, आणि स्वतः खालच्या आळीचे म्हणून वरच्या आळीच्या माणसाकडून त्यांनी वीणा गळ्यात घेतली. तार छेडली की तात्यांचं मन निवायचं. राम कृष्ण हरी, राम कृष्ण हरी.

कीर्तनाला अजून अवकाश होता. तेवढ्यात धुरळा उडवत गाड्या आल्या. दुसऱ्याच्या आधी पोचावं म्हणून नानासो लवकर निघाले होते. अंगानं भारदस्त, वयानं साठी ओलांडलेले, घामानं डबडबलेले. त्यांनी तात्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. बरोबरचा फोटोवाला म्हणाला, "साहेब, वीणा गळ्यात घ्या ना. झकास येईल."

नानासोंनी हात पुढं केले. तात्यांनी बोलायचं नव्हतं. त्यांनी मान हलवली, डोळ्यांनी नको म्हटलं. पण अर्जुना पुढं सरसावला, "तात्या, आमच्या आळीचं पावणं हायती. द्या की!" आता मागणाऱ्याला वीणा नाकारायची, हेही रीतीत बसत नव्हतं. तात्यांनी मनात मारुतीला हात जोडले, वीणा नानासोंच्या गळ्यात घातली आणि रीतीप्रमाणं त्यांच्या पाया पडले.

फोटो झाले. नानासोंनी वीणा परत पुढं केली. तात्या दोन पावलं मागं सरले.

"साहेब, मी देणारा. मला माघारी घेता येत न्हाई. आता खालच्या आळीचं माणूस येईल, मगच सुटका. आनि तंवर नामाबिगर बोलायचं न्हाई."

नानासोंनी तोंड उघडलं, मिटलं. आजूबाजूला बघून हळूच म्हणाले, "राम कृष्ण हरी."

खालची आळी हाताची घडी घालून उभी होती. तानाजीच्या चेहऱ्यावर तर दिवाळी. "ऱ्हाऊं द्या उभं," तो शेजारच्याला म्हणाला. "पाच वर्षं कुठं उभं ऱ्हायलं हुतं गावात?" बायकांत खसखस पिकली. नानासोंच्या खिशातला फोन वाजत राहिला. पुढच्या सभेला लोक खोळंबले होते. अर्जुना कासावीस झाला, पण करणार काय? तो स्वतः वरच्या आळीचा.

तेवढ्यात ताई नारदाच्या गादीवर येऊन उभ्या राहिल्या. टाळकरी दोन्ही बाजूंना, आणि वीणेकरी रीतीप्रमाणं ताईंच्या शेजारी, सगळ्या गावाच्या तोंडासमोर! तानाजीचं हसू तिथंच गोठलं. सोडवावं तर नानासो मोकळे होऊन पुढच्या सभेला जातात, आणि न सोडवावं तर कीर्तनभर देवाशेजारी झळकतात.

"आता गं बया," वल्लरी तात्यांच्या कानाशी म्हणाली, "तानाजीभावजींचा पाय दोन्हीकडनं चिखलात."

तात्यांनी तिला दटावलं, पण मिशीत हसले. सप्ताह बसल्यापासून पहिल्यांदाच.

आणि राजसदादा आला. तरणाबांड पोरगा, पांढरा सदरा, मागं घोषणा देणारी पोरं. ती मंडपाच्या तोंडाशी येताच ताईंनी गादीवरूनच नुसता हात वर केला, तशी घोषणा जागीच विरली. राजस पुढं आला आणि थबकला. आधी वीणेकऱ्याच्या पाया पडायचं, आणि वीणेकरी कोण, तर नानासो. काल कुंडलच्या सभेत त्यानं ज्यांची सालटी काढली होती तेच.

तात्या राजसच्या पावलांकडं बघत राहिले. हा परत फिरला तर खालची आळी उठणार. मग मिरजेची ती वीणा, तो दुसरा मंडप, सगळं खरं होणार.

राजसनं चपला काढल्या होत्याच. तो वाकला आणि त्यानं नानासोंच्या पायांवर डोकं ठेवलं. वर बघताना त्याला त्यांचे गुडघे दिसले. धोतराआडून लटलट कापत होते. नानासो त्याच्याकडं बघून पुटपुटले, "राम कृष्ण हरी." त्यात मात्र या वेळी जीव होता.

"दादा, नगं," तानाजी मागून कुजबुजला. "असू द्या तसंच."

"आवं तानाजीराव, माझ्या चुलत्याच्या वयाचं माणूस हाय ते." राजसनं दोन्ही हात पुढं केले. वीणा या गळ्यातून त्या गळ्यात गेली, आणि रीतच अशी की देणाऱ्यानंही घेणाऱ्याच्या पाया पडायचं. नानासो कण्हत कण्हत वाकले. राजसनं त्यांना अर्ध्यातच धरलं. गावानं टाळ्यांनी मंडप डोक्यावर घेतला. कुणाचा जयजयकार करावा हे न कळून शेवटी सगळे मारुतीचाच करून बसले.

नानासोंना उभं राहवेना. वरच्या आळीच्या सतरंजीवर तीळ ठेवायला जागा नव्हती, म्हणून ते जवळ जागा होती तिथं, खालच्या आळीत, तानाजीच्या शेजारी मटकन बसले. तानाजीनं क्षणभर इकडं तिकडं बघितलं आणि आपला पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं सरकवला. पुढची सभा राहिली ती राहिलीच.

कीर्तन असं रंगलं म्हणता! काल्याचं सांगताना ताई म्हणाल्या, "गोपाळांच्या शिदोऱ्या एकदा कालवल्या की कुणाचा घास कुणाचा, हे देवालाही निवडता येत नाही. तो नुसता खातो." तात्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

कीर्तनाच्या मध्यावर, ताईंना हार-बुक्का झाला तेव्हा, राजस या पायावरून त्या पायावर होऊ लागला. त्याला सोडवायचं तर वरच्या आळीनं. सगळ्यांच्या नजरा अर्जुनावर गेल्या. अर्जुना खाली मान घालून बसलेला.

"आरं ऊठ की गड्या," तानाजी सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला. "त्यो पोरगा पडंल! आनि तुझ्या मागनं मी हाय."

अर्जुना उठला. त्यानं वीणा घेतली, आणि पुढं त्याला सोडवलं ते, बोलल्याप्रमाणं, तानाजीनं.

पहिला नारळ कुणाला द्यायचा हे मग कुणी काढलंच नाही. तात्यांनी तो वीणेपुढं फोडला आणि वल्लरीनं खोबरं वाटलं.

सकाळी काला झाला. दह्यानं माखलेल्या हातांनीच तानाजीनं तात्यांकडून फोन लावून घेतला.

"रसूलभाई, ती मी सांगितल्याली वीणा आता नगं. तुमचं काय नुकसान झालं आसंल तर…"

"कसलं नुकसान?" पलीकडून रसूलभाई हसले. "मी अजून भोपळाच निवडला न्हाई. म्हटलं, आधी सप्ताह होऊं द्या. दही ठेवलंय का माझ्या वाटणीचं?"

जूनमध्ये निकाल लागला. जागा पुन्हा काठावरनंच गेली. कुणाकडं गेली, ते वल्लरीनं वाचून दाखवलं तेव्हा तात्या माडीवर वीणेला खोळ शिवत होते. "बरं झालं," ते म्हणाले, आणि दोरा ओवायला सुई तिच्याकडं दिली.