संडासाच्या टाकीतला दगड

गिरणीने आमच्या चाळीमागे संडास बांधले तेव्हा बायकांना नाल्याकाठी जाणे सुटले. वर बिडाची टाकी, खाली लोंबती साखळी. साखळी ओढली की पाणी धाडकन येऊन सगळे मागच्या खड्ड्यात नेते. मला ते कधी आवडले नाही. घाण ती घाण, पाण्याने ढकलली म्हणून घराजवळ आणायची का? मी तिथून आलो की अंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडत नसे. माझी बायको रुद्राणी पाणी तयार ठेवी. उन्हाळ्यात चाळीचा नळ सकाळी थोडा वेळ येऊन जाई, सगळ्या घरांत भांडणे होत, पण माझे घंगाळ भरलेले असे.

रुद्राणी तापाने गेली. त्यानंतर मला जेवणाचीही किळस येऊ लागली. भाकरीला रॉकेलचा वास येई, माझ्या हातांना गिरणीच्या तेलाचा. अशात एके दिवशी सकाळी मुकादम रहिमतुल्ला दारात आला.

"मेस्त्री, संडासाची टाकी वाहतीय. भिंत हिरवी झाली बघा. साहेब बोलले, संध्याकाळपर्यंत बंद झालं न्हाय तर संडासाला कुलूप."

"दुसरा कोणी बघा. मी त्यात हात घालणार नाही."

"दुसरा फिटर चाळीत हाय कुटं?"

शेजारची शिवम्मा पायरीवर तांदूळ निवडत होती. वयाने माझ्या आईएवढी, अक्कलकोटकडची. मी तिला अक्का म्हणतो. मान वर न करता ती म्हणाली, "हात न घालून कसं चालंल? माझी सून आठव्या महिन्यात हाय. तिला परत नाल्याला धाडू व्हय?"

मी पाना, पक्कड आणि चामड्याचा तुकडा घेतला, नाकाला उपरणे बांधले आणि गेलो.

आत उभे राहवत नव्हते. कोणी साखळी ओढायचे विसरले होते. मी ओढली, पाणी धाडकन आले. शिडी लावून टाकीचे झाकण काढले. कडेला बुरशी, त्यात कोळी मरून चिकटलेले, पाण्यावर गंजाची साय.  खाली उतरून बाहेर गेलो, थुंकलो आणि परत चढलो.

या टाकीचे काम सोपे आहे. आत दांड्याच्या टोकाला तांब्याचा पोकळ गोळा तरंगतो. पाणी गेले की गोळा खाली येतो, दांडा वाकतो आणि नळ उघडतो. पाणी चढले की गोळा चढतो आणि नळ दाबून बंद करतो. बंद झाले नाही तर जास्तीचे पाणी मागच्या भिंतीतल्या नळीने बाहेर पडते. म्हणून आधी गोळा बघायचा. भोक पडले की त्यात पाणी भरते आणि तो बुडतो. मी हलवून पाहिला, आत पाणी नव्हते. मग नळाचे, पाणी अडवणारे चामडे. तेही चांगले होते. तरी गोळा वर येत नव्हता. साय बाजूला करून कोपरापर्यंत हात घातला. 

दांड्याला एक गाठोडे लोंबत होते. मी ते ओढून काढले. बुळबुळीत झालेले लुगड्याचे फडके, आत दगड. गाठोड्याला एक लांब पट्टी शिवलेली होती, ती मध्येच तुटली होती. तिचे दुसरे टोक टाकीबाहेर, भिंतीतल्या खिळ्याला तसेच बांधलेले होते.

म्हणजे कोणी तरी दगड दांड्यावर सोडून पाणी वाहते ठेवत असे, आणि काम झाले की पट्टी ओढून दगड वर टांगत असे. पट्टी तुटली आणि दगड दांड्याला अडकून राहिला.

फडके सोडले. आत अर्धा वरवंटा होता. आमचा. त्याचे दोन तुकडे झाले तेव्हा रुद्राणी म्हणाली होती, टाकून दिला. इरकली लुगड्याचा काठ तिचाच, टाकाही तिचाच. ती शेवटची गाठ नेहमी दोनदा मारी.

मी शिडीवरून उतरून संडासामागे गेलो. शिवम्मा मागच्या भिंतीशी उभी होती, नळीखाली तिची घागर.

"अक्का, हे तुला ठाऊक होतं?"

"सगळ्या बायकांना ठाऊक होतं. एकट्या तुलाच न्हाय."

"संडासाचं पाणी भरत होता तुम्ही?"

"गिरणीच्या टाकीतलं पाणी हाय ते. संडासाला दिवसभर येतं, माणसाला येत न्हाय. पियाला कुणी घेत नव्हतं. धुण्याला, आंगोळीला."

"कोणाच्या आंगोळीला?"

तिने माझ्याकडे पाहिले. "तू लई सोवळा. संडासाहून आला की तुला घंगाळभर पाणी. आणायचं कुठनं तिनं?"

मला ओकारी आली. भिंतीला धरून मी ओकलो. शिवम्माने घागरीतले पाणी पुढे केले आणि मी त्याच पाण्याने तोंड धुतले. दुसरे नव्हते.

दगड काढल्यावर गोळा चढला, नळ बंद झाला, नळी थांबली. संध्याकाळी रहिमतुल्लाने साखळी ओढली, टाकी भरून थांबेपर्यंत उभा राहिला. "बस झालं," म्हणाला आणि कुलूप परत घेऊन गेला. बायका मागच्या भिंतीशी रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या.  शिवम्माची सून ओट्यावर पाय पसरून बसली होती, तिच्या पायांवर सूज होती.

मी घरी गेलो. घंगाळ कोरडे होते, तळाला मेलेला मुंगळा. हातांना टाकीचा वास येत होता.

मी गिरणीचा सुती दोर घेतला, तो कुजायला वर्षे लागतात. वरवंटा नव्या कापडात बांधून पुन्हा चढलो. सगळे होते तसे केले. उतरल्यावर बायकांना दाखवले.

"घागर खाली असेल तेव्हाच दगड सोडायचा. भरली की ओढून खिळ्याला दोन वेढे द्यायचे. एकीनंही विसरलं तर संडास गेले."

"रुद्राणी कधी इसरली न्हाय," शिवम्मा म्हणाली. "मग तुला पाणी ठेवू का?"

"नको."

तरी दारात एक घागर आलीच. मी बराच वेळ तिच्याकडे पाहत बसलो. मग घंगाळात ओतली आणि अंघोळ केली. प्रत्येक तांब्याला किळस आली. हात कोरडे करून रुद्राणीच्या फडक्याचा काठ धुतला, त्याच पाण्यात, आणि दोरीवर वाळत घातला.