शिट्टीनंतरची हाक

पोहण्याच्या तलावाच्या एका कोपऱ्यात उंचावरून उड्या मारण्यासाठी बांधलेला खोल हौद होता. तळाला तडा गेल्यापासून त्यात पाणी भरत नसत. उतरायला रुंद पायऱ्या, चारी बाजूंनी गुळगुळीत फरशीच्या भिंती, सकाळभर सावली. मुलं त्याला विहीर म्हणत. प्रवेशद्वारापाशी लावलेल्या नकाशावरचा लाल बाण तिथे जाऊन थांबायचा. खाली लिहिलेलं होतं : संकटात इथे जमा.

पाणी तपासण्याच्या कामावर मी नवीन होते. माझी ताई तिथे आधीपासून लहान मुलांना पोहायला शिकवायची. माझ्यासाठी तलावाचा कारभार बघणाऱ्या साहेबांच्या मागे लागून तिनेच ही जागा मिळवली होती. पहिल्याच आठवड्यात मी सराव पाहिला. मुख्य जीवरक्षकाने, ज्याला सगळे कप्तान म्हणत, एक लांब शिट्टी वाजवली. पोरं पाण्याबाहेर आली, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून त्यांची आगगाडी झाली, आणि ती गाडी मुकाट्याने पायऱ्या उतरून विहिरीच्या तळाशी जाऊन बसली. सगळ्यांत पुढे दात पडलेली एक मुलगी होती, तिला इंजिन म्हणत. सगळ्यांत मागे ताई. कुंपणाबाहेरून एक आई आपल्या मुलाला हाका मारत होती. त्याने मानसुद्धा वळवली नाही.

“बघितलंस?” ताई म्हणाली. “घरी जेवायला बोलावून बोलावून आयांचा घसा बसतो. इथे एक शिट्टी.”

“हाक मारली तरी थांबत नाहीत?”

“थांबायचंच नाही. शिट्टी झाली की हाक कुणाचीही असो. कप्तानचा नियम आहे.”

माझं लक्ष क्लोरीनच्या खोलीकडे होतं. ती विहिरीपासून हाकेच्या अंतरावर होती. तिच्या दाराखालून निघालेली उघडी नाळी उताराने येऊन विहिरीच्या काठाशी संपत होती. क्लोरीन हवेपेक्षा जवळजवळ अडीच पट जड असतो. गळला तर तो धुरासारखा वर जात नाही, पाण्यासारखा उतार शोधतो.

मी साहेबांना सांगितलं. त्यांनी कप्तानला बोलावलं.

“म्हणजे तुमचं म्हणणं, हा वायू खाली बसतो,” साहेब म्हणाले.

“हो.”

“बसू दे की. आपली मुलंही खालीच बसतात.”

ते हसले. कप्तान हसला नाही. तो म्हणाला, “शास्त्रज्ञबाई, पूर्वी मुलं बाहेर रस्त्यावर पळायची. असाच एकदा गोंधळ झाला, धूर कुठून येतोय कळेना. एक पोर गाडीखाली गेलं, माझ्या डोळ्यांदेखत. तेव्हापासून मी ठरवलं, पोरं अशा जागी न्यायची जिथून ती पळू शकत नाहीत. विहिरीतून कोण पळणार?”

त्याचं म्हणणं चूक नव्हतं, फक्त ते दुसऱ्या संकटाबद्दल होतं.

प्रेक्षकांच्या सज्जात मुलांना न्यावं, असं मी सुचवलं. सज्जा पाडायचा होता, त्यावर पाय ठेवायला बंदी होती. मागचं फाटक क्लोरीनच्या खोलीला खेटूनच होतं. राहिला रस्ता. रस्त्याचं नाव काढलं की कप्तान खाली बघायचा आणि साहेब विषय बदलायचे.

मग मी आइस्क्रीमवाल्याकडून कोरडा बर्फ, म्हणजे ड्राय आइस, आणला. सरावाच्या दिवशी तो बादलीभर गरम पाण्यात टाकून बादली क्लोरीनच्या खोलीच्या दारात ठेवली. पांढरी वाफ बादलीतून उतू गेली, नाळीतून सरपटत आली आणि विहिरीच्या पायऱ्या एकेक करून उतरली. तळाशी बसलेल्या मुलांचे पाय दिसेनासे झाले, मग मांड्या. मला वाटलं, आता यांना वेगळं काही सांगायची गरज नाही.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. इंजिन ओंजळीने वाफ उचलून दुसऱ्यांच्या डोक्यावर ओतत होती. काठावर उभ्या आयांनी फोटो काढले.

“फार छान,” साहेब म्हणाले. “वार्षिक कार्यक्रमात ठेवू या.”

घरी ताईने माझी बाजू घेतली, पण तिच्या पद्धतीने. ती ओला पोहण्याचा पोशाख पिळत होती.

“बारके, तुला पाण्यात उतर म्हटलं तर पायाचं बोट बुडवून परत येतेस, आणि आम्हाला बुडण्यावर व्याख्यान.”

“ताई, तुला पटतंय की नाही?”

“पटतंय. पण एवढ्याशा पोराला दोन गोष्टी शिकवल्या ना, तर ते तिसरीच करतं. आग लागली तर इकडे, गॅस आला तर तिकडे, असं नाही जमत त्यांना.” तिने पोशाख दोरीवर टाकला. “तू काळजी करू नकोस. शिट्टी वाजली तर मी शेवटी न राहता पुढे जाईन. मी वळेन तिकडे गाडी वळेल.”

मला ते पुरेसं वाटलं नाही, पण दुसरं काही हाती नव्हतं.

क्लोरीनचा सिलिंडर बदलताना जोडावर दर वेळी शिशाचं नवं वायसर घालायचं असतं. एकदा दाबलं गेलेलं शिसं पुन्हा नीट बसत नाही. नवी वायसरं आली नव्हती, म्हणून सिलिंडर सांभाळणाऱ्या गॅसवाल्या काकांनी जुनंच उलटं करून बसवलं. ते बरेचदा तसं करत आणि ते बरेचदा चालत असे.

त्या सकाळी वारा अजिबात नव्हता. मी पलीकडच्या काठावर बाटलीत पाण्याचा नमुना घेत होते. काका तोंडावर बाही दाबून खोलीबाहेर आले, दोन पावलं चालले आणि गुडघ्यांवर बसले. “गॅस,” ते म्हणाले, आणि पुढचं खोकल्यात गेलं.

कप्तानने शिट्टी वाजवली. कशाची शिट्टी, हे त्यालाही ठाऊक होतं. पण हात शिट्टीकडे गेला आणि शिट्टीनंतर काय, हे मुलांच्या पायांना पाठ होतं.

गाडी तयार झाली. ताई पुढे नव्हती. एक मुलगी घाबरून पाण्यातला दांडा सोडत नव्हती आणि ताई तिची बोटं सोडवत होती. इंजिन पायऱ्यांकडे वळलं.

मी धावले. “खाली नको, वर या,” मी ओरडत होते. नाळीत पिवळट हिरवं काहीतरी हलताना दिसत होतं, फार दाट नाही, मळक्या काचेसारखं. मुलांना माझा आवाज ऐकू गेला होता. पुढच्यांपैकी दोघांच्या माना ताठ झाल्या. त्यांना शिकवलं होतं तसंच ती वागली. हाक कुणाचीही असो.

मी गाडीचं मागचं टोक पकडलं. ज्याचा हात धरावा तो हिसडे देई. मी नियम मोडतेय म्हणून मुलं रडत होती. एकाने माझ्या मनगटाला कडकडून चावा घेतला. पुढची मुलं तोवर तळाशी जाऊन मांडी घालून बसली होती. उभ्या माणसाच्या गुडघ्यापर्यंत असलेली ती हवा बसलेल्या मुलाच्या नाकापर्यंत होती.

ताई माझ्या शेजारून खाली गेली. तिने एकदाच माझ्याकडे बघितलं, मोठा श्वास घेतला आणि उतरली. खाली तिला बोलता येत नव्हतं, आणि बोलली असती तरी उपयोग नव्हता. एकेकाला उचलून ती पायऱ्यांवर ठेवायची, आम्ही वरून ओढायचो. कप्तानही उतरला. पहिल्या दोन खेपांना ताईने वर येऊन श्वास घेतला. नंतर ती वर आलीच नाही, खालीच श्वास घेत राहिली. इंजिन सर्वांत आधी पोहोचलेलं, म्हणून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात बसलेलं. ते सर्वांत शेवटी हाती लागलं.

बाकीची मुलं दवाखान्यातून घरी गेली. इंजिन गेलं नाही. तिच्या आईने मला एकच विचारलं, “ती पळाली का नाही?” मला उत्तर माहीत होतं.

चौकशी झाली. तीत जुन्या वायसरचा दोष निघाला, काकांना घरी बसवलं. मुलं ठरल्या जागी शिस्तीत जमली होती, याची नोंद वेगळी झाली. तलाव काही दिवस बंद राहिला आणि मग उघडला. आता सिलिंडर नाहीत. त्याच खोलीत क्लोरीनची भुकटी आणि पाण्याचा आम्लपणा सांभाळायला आम्लाचे कॅन ठेवतात. एकाच कुलपाची खोली आहे म्हणून दोन्ही शेजारी शेजारी. ती दोन एकत्र सांडली तर तोच वायू तयार होतो. मी साहेबांना सांगितलं.

“मॅडम, आता गॅस राहिलाच नाही,” ते समजुतीच्या स्वरात म्हणाले. “दुधाने तोंड भाजलं म्हणून तुम्ही ताकही फुंकून पिताय.”

नकाशावरचा बाण तसाच आहे. सराव पुन्हा सुरू झाला आहे. बदल एवढाच की आता कप्तान स्वतः सगळ्यांत आधी उतरतो आणि लांबच्या कोपऱ्यात मुलांकडे तोंड करून बसतो. मी त्याला विचारलं, यातून काय साधतं?

“काही झालं तर आधी मला होईल,” तो म्हणाला.

“आणि त्यानंतर?”

तो खोकत उठला आणि पाण्यावरची पानं काढायला गेला.

ताई घरी असते. उशांना टेकून, बसल्या बसल्याच झोपते. न्हाणीघरापर्यंत जाताना ती मध्ये खुर्चीवर थांबते आणि खिडकीतून काहीतरी बघतेय असं दाखवते. खिडकीसमोर शेजारच्यांची भिंत आहे. जी बाई एका दमात तलावाची लांबी पाण्याखालून जायची, तिचं आता एक वाक्य तीन तुकड्यांत येतं.

काल मी कामावरून आले तर तिने विचारलं, “पोरं... आता कुठे बसवतात?”

“वर,” मी म्हणाले. “सज्जात.”

ती उशीवरून थोडी पुढे सरकली.

“सज्जा,” ती म्हणाली, “पाडला ना गं... गेल्या महिन्यात. आवाज... इथपर्यंत येत होता.”

मी तिच्या पाठीमागची घसरलेली उशी वर केली. तिने डोळे मिटले. थोड्या वेळाने म्हणाली, “हाक मारली तर... थांबा म्हणावं. एवढं तरी शिकव.”

“शिकवते,” मी म्हणाले.

आज सकाळी मी गाडीच्या शेवटी उभी राहून हाक मारून पाहिली. शिट्टी वाजली होती. नवीन मुलं होती, सरावाचा त्यांचा दुसराच दिवस. एकानेही मागे बघितलं नाही.