एका अंशानं वाकडी

मी एक जुनी मायटर करवत आहे. म्हणजे लाकूड कोनात कापणारी, विजेवर चालणारी. माझ्यामुळे काष्टीच्या रंगनाथ मिस्तरींनी सुतारकी कायमची सोडली. मित्रांनो, हे शेवटचं वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. मीही तसंच समजून पुढे सांगते.

माझा जन्म कारखान्यात झाला. कोन किती हे दाखवायला माझ्या पाटीवर रेघा छापल्या आणि वर एक काटा बसवला. तो बसवताना जेवणाची घंटा झाली. काटा एक अंश बाजूला राहिला. कामगार जेवला, मी पेटीत गेले. दोघांचंही काही अडलं नाही.

१९९४ साली दसऱ्याच्या आधी मी नगरच्या एका दुकानात उभी होते. तिथे रंगनाथ मिस्तरी आणि त्यांचा मुलगा कारभारी आले. कारभारी साखर कारखान्यात फिटर. सत्तरीच्या बापाला हाताने करवत ओढायला लागू नये, म्हणून त्याला घरच्या पडवीत छोटं वर्कशॉप करायचं होतं. हेतू इतका चांगला होता की पुढे काय होणार हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

अशी करवत त्याने जन्मात घेतली नव्हती. मग काष्टीच्या बाजारात बैल घेतात तशी त्याने मला घेतली. भोवती फिरला, पाठीवर थाप मारली, दात पाहिले. दुकानदाराने बटण दाबलं. मी ओरडले.

"आवाज लई दमदार हाय," कारभारी म्हणाला.

रंगनाथ मिस्तरींनी पिशवीतून गुण्या काढला. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं सुताराचं हत्यार. "एक तुकडा कापून दावा. गुण्या लावून बघतो."

दुकानदार हसला. "बाबा, कंपनीच्या मालाला कुणी गुण्या लावतं का? उद्या नवरी बघायला जाऊन तिचे दात मोजाल!"

माझे दात नुकतेच मोजून झाले होते, पण ते राहू द्या.

"आण्णा, ठेवा की आत," कारभारी पुटपुटला. "लोक बघत्यात."

लोक म्हणजे एकच गिऱ्हाईक होतं. ते दाराची कडी घेत होतं आणि कडीकडेच बघत होतं. तरी गुण्या पिशवीत गेला. तेव्हा मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण मला फक्त बटण दाबल्यावर ओरडता येतं.

घरी खंडेनवमीला माझी हळदकुंकू वाहून पूजा झाली. माझ्यासोबत एक माहितीपुस्तक होतं. काटा चुकला तर मागचा स्क्रू कसा फिरवायचा, हे त्याच्या सातव्या पानावर चित्रासकट दिलं होतं. खराब होऊ नये म्हणून कारभारीने ते प्लॅस्टिकसकट देवघरात ठेवलं. त्याला रोज उदबत्ती मिळायची. सातवं पान फार पवित्र झालं.

पहिलं काम मिस्तरींनी स्वतः घेतलं. त्यांच्या बायकोच्या, म्हणजे बनुबाईंच्या फोटोची चौकट. वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. त्यांनी काटा पंचेचाळीसवर ठेवला आणि चार पट्ट्या कापल्या. तीन कोपरे जुळले. चौथ्यात करंगळी जाईल एवढी फट राहिली.

"कारभारी, ही वाकडं कापती."

"काटा पंचेचाळीसवर हाय आण्णा. तुमीच बघा."

"काटा ऱ्हाऊ दे. माझ्या डोळ्याला दिसतंय. आन गुण्या बी त्येच सांगतोय."

"गुण्या तुमच्याच वयाचा हाय. झिजला आसंल."

सून साळूबाई दारातून म्हणाली, "आवं, मामांनी पन्नास वर्सं दारं-खिडक्या डोळ्यानंच केल्या की."

"तू भाकरी बघ," कारभारी म्हणाला.

पुढच्या आठवड्यात त्याने वडलांना नेत्रशिबिरात नेलं. चष्मा मिळाला. चष्मा लावून मिस्तरींनी चौकट पुन्हा पाहिली. आता फट जास्तच स्वच्छ दिसत होती. चष्मा काढून ते म्हणाले, "माझाच डोळा फिरला आसंल. लांबी भर त्यात." लांबी म्हणजे लाकडातली फट बुजवायचा लगदा.

त्यांनी गुण्या फळीवर टाकला. पुढे कुणी काम घेऊन आलं की म्हणायचे, "कारभारीकडं द्या. मला आता सरळ दिसत न्हाई."

लोक मला बघायला यायचे. लई भारी मशीन, म्हणायचे. कारभारी फटींमध्ये लांबी भरून वरून रंग मारायचा.

दोन वर्षांनी त्याला लांबीचा कंटाळा आला. त्याने कारखान्यातून कोन मोजायचं साधन आणलं आणि मला मोजलं. एक अंश. मग देवघरातून पुस्तक काढलं, प्लॅस्टिक फाडलं, सातवं पान पाहिलं आणि स्क्रू अर्धा फेरा फिरवला. पुढची चौकट अशी जुळली की सांध्यात केससुद्धा जाईना.

मिस्तरी पाच पावलांवर शेंगा फोडत बसले होते.

"सांगा की मामांना," साळूबाई हळूच म्हणाली.

"सांगतो. दसऱ्याला सांगतो."

दसरा झाला. दिवाळी झाली. संक्रांतीला मिस्तरी आपणहून पडवीत आले. एका चौकटीच्या कोपऱ्यावरून त्यांनी बोट फिरवलं.

"आता बराबर कापती. तुजा हात बसला, कारभारी."

कारभारी म्हणाला, "व्हय."

चैत्रात मिस्तरी गेले.

मित्रांनो, पहिली करवत घ्याल तेव्हा दुकानात बिनधास्त गुण्या लावा. दुकानदार हसला तर हसू द्या. आणि यंत्र पुसा, तेल द्या, पण यंत्राआधी माणसाचं ऐका. माझं काय, मला मागे स्क्रू आहे.

आता माझा अर्ज.

प्रति, मा. निरीक्षक, वजने व मापे कार्यालय, अहमदनगर.
विषय : एक अंश दुरुस्त होणेबाबत.
महोदय, अर्जदार करवत हिने सन १९९४ ते १९९६ या काळात चुकीचा कोन दाखवला आहे. तरी कै. रंगनाथ मिस्तरी, रा. काष्टी, ता. श्रीगोंदा यांचा डोळा त्या काळापुरता पूर्वलक्षी प्रभावाने बरोबर धरण्यात यावा, आणि तसे त्यांना समक्ष कळवण्यात यावे, ही नम्र विनंती.