सबुरी आणि चारची बोट

मी एक जुनी बस आहे, मित्रांनो. पण गाडीतळावर मला कुणी जुनी म्हटलं की माझी कंडक्टर तांटी मर्ल त्याला खाली उतरवते, म्हणून तुम्हीही जरा जपून. ग्रेनाडा बेटावर राजधानीपासून उत्तर टोकाच्या सोटियर्स गावापर्यंत माझी फेरी असते. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधला रस्ता इतका अरुंद, की समोरून दुसरी बस आली तर दोघींना पोट आत घ्यावं लागतं. माझ्या कपाळावर लाल रंगात नाव लिहिलं आहे, त्याचा अर्थ 'सबुरी'. नाव ठेवणाऱ्याने माझी चाल आधी पाहिली असणार.

माझा जन्म जपानचा. कारखान्यातून निघाले ती थेट एका बालवाडीच्या दारात जाऊन उभी राहिले. पिवळ्या टोप्या घातलेली मुलं उतरताना मला वाकून नमस्कार करायची. असे लाड फार दिवस टिकत नसतात. बालवाडीने नवी गाडी घेतली आणि मला बोटीच्या पोटात घालून अर्ध्या जगापलीकडे पाठवून दिलं. माझ्या दारावरची जपानी अक्षरं अजून शाबूत आहेत. क्लीटस, म्हणजे माझा मालक आणि चालक, सगळ्यांना ठासून सांगतो की ते बायबलातलं वचन आहे. तिथे खरं तर 'दार हळू लावा' असं लिहिलं आहे. पण मी कुणाला आणि कशी सांगणार? दार रोज धाडकन लागतं.

तांटी मर्ल ही क्लीटसची थोरली बहीण. आमच्याकडे मावशी, आत्या, काकू सगळ्यांना तांटीच म्हणतात आणि ही तर अख्ख्या रस्त्याची तांटी. तिला सगळ्यांची खबर असते. कुणाचं औषध, कुणाचा पाव, कुणाचा शिवून आलेला कोट, कुणाच्या सासूने पाठवलेलं नारळाच्या दुधात शिजवलेल्या नीरफणसाचं पातेलं, सगळं माझ्यातूनच जातं आणि दारापर्यंत पोहोचतं. कुणाला उतरायचं झालं की तो माझ्या छतावर टकटक करतो. घंटा वगैरे थेरं आमच्याकडे नाहीत. आणि चढताना प्रत्येकाने सगळ्यांना मिळून 'गुड मॉर्निंग' म्हणायचं, हा आमचा नियम कुठे लिहिलेला नाही, पण तो मोडला तर माणूस वाईट घरचा ठरतो.

मग त्या नव्या पांढऱ्या बसगाड्या आल्या. काळ्या काचा, थंड हवा, कानठळ्या बसवणारी गाणी. कानामागून आल्या आणि तिखट झाल्या. शाळेची पोरं मला सोडून त्यांच्यात बसू लागली. क्लीटसही माझ्याकडे जरा दुर्लक्ष करू लागला. माझ्या खुर्च्यांचा कापूस बाहेर आला, आरसा दोरीने बांधला गेला आणि आजारपणावर 'शनिवारी बघू' हे एकच औषध उरलं. वाईट वाटायचं, नाही कशाला म्हणू? पण म्हातारी माणसं मला सोडून गेली नाहीत. माझी पायरी ठेंगणी आहे ना.

आता मुख्य गोष्ट ऐका. सुट्टीच्या हंगामात बंदराला मोठमोठ्या पांढऱ्या बोटी लागतात. सकाळी पाहुणे उतरतात, दिवसभर बेट बघतात आणि संध्याकाळच्या आत निघून जातात. अशाच एका दिवशी एक म्हातारा माझ्यात चढला. गवती टोपी, फुलाफुलांचा सदरा, पांढरेशुभ्र बूट. कुणाकडे न बघता तो खिडकीशी जाऊन बसला. सगळी बस गप्प झाली.

"सकाळ बोटीवरच विसरून आलात वाटतं?" तांटी मर्लने विचारलं.

म्हातारा चपापला. मग उठून उभा राहिला, टोपी काढली आणि सगळ्यांकडे वळून म्हणाला, "गुड मॉर्निंग. माफ करा, फार वर्षं बाहेर होतो. इंग्लंडमध्ये बसमध्ये कुणी कुणाशी बोलत नाही."

"अरे देवा, मग त्यांना बातम्या कशा कळतात?" तांटी म्हणाली आणि सगळे हसले. तेव्हापासून तो आमचा झाला.

त्याचं नाव ऑब्री. जन्म सोटियर्सच्या वरच्या वाडीतला. आई गेल्यावर थोरल्या बहिणीने वाढवला आणि शाळकरी वयातच काकाबरोबर विलायतेला धाडला. तो पुन्हा आला नाही. आधी पैसे नव्हते, मग वेळ नव्हता, मग लाज वाटू लागली. पत्रं कमी होत होत थांबली. बायको वारल्यावर मुलाने त्याला बोटीच्या सहलीचं तिकीट काढून दिलं आणि त्या सहलीतलं एक बेट नेमकं हे निघालं. बोट चारला सुटणार होती. तेवढ्यात बहिणीला भेटून परत यायचं होतं.

"टॅक्सी का नाही केली?" क्लीटसने आरशातून विचारलं.

"टॅक्सीने पाहुणा जातो. मला घरी जायचं आहे."

"बहिणीचं नाव काय?"

"क्लोटिल."

"वाडीवरची मिस क्लोटिल? अहो, ती तर माझ्याच गाडीने..." असं म्हणत क्लीटसने पाय दाबला. मी माझ्या वयाला न शोभेल अशी धावले. त्या दिवशी पातेली, पाव, कोट सगळे खिडकीतूनच लोकांच्या हातात गेले. कुणी तक्रार केली नाही. उलट दोन बायका आपलं गाव आलं तरी उतरल्या नाहीत. "भेट बघूनच जाऊ," म्हणाल्या.

सोटियर्सच्या वरचा रस्ता माझ्या फेरीत नाही, तरी मी चढले. निळं दार, पायरीवर मांजर, दाराला कुलूप. ऑब्रीने दार ठोठावलं, हाका मारल्या. शेजारीण कुंपणावर वाळत घातलेले कपडे बाजूला करून म्हणाली, "ती कशी असेल घरी? आज बंदराला बोट लागली ना? बोट आली की ती जायफळ-दालचिनीच्या माळा घेऊन धक्क्यावर विकायला बसते. पहाटेच गेली."

मित्रांनो, काखेत कळसा आणि गावाला वळसा! हा गडी बोटीतून उतरून तिच्या समोरूनच इथवर आला होता. आणि सगळ्यात मोठी चूक आमच्या तांटीची. बेटावरच्या शिंकेचीसुद्धा खबर ठेवणारी ती बाई बोटीचा दिवस विसरली होती. ती कपाळावर हात मारून बसली. ऑब्री पायरीवरच्या मांजराला थोपटत राहिला. त्याचा चेहरा मला बघवेना.

"उठा," क्लीटस म्हणाला. "दुपारच्या उन्हाने तिचे पाय सुजतात. ती आता परतीच्या बसमध्ये असेल. रस्ता एकच आहे, जाते कुठे?"

आता आमच्याकडची एक रीत सांगते, जिच्यासाठी सगळे पाहुणे आम्हाला शिव्या घालतात. दोन बस समोरासमोर आल्या की चालक भर रस्त्यात खिडकीला खिडकी लावून थांबतात आणि गप्पा मारतात. मागे रांग लागली तरी चालते. त्या दिवशी क्लीटसने समोरून येणाऱ्या प्रत्येक बसला अडवलं. "मिस क्लोटिल आहे का रे आत?" पहिल्या बसमध्ये नव्हती. दुसऱ्या बसमध्येही नव्हती. व्हिक्टोरिया गावाच्या वळणावर अल्बनची पांढरी बस आली, तीच काळ्या काचांची, माझी वैरीण.

"आहे की," अल्बन म्हणाला. "मागे झोपली आहे."

काळी काच खाली सरकली. आत एक वाळलेली म्हातारी, डोक्याला रुमाल, मांडीवर टोपली. माझ्या खिडकीत ऑब्री. दोघांच्या मध्ये हातभर अंतर.

"मिस क्लोटिल, हा तुमचा भाऊ," क्लीटस म्हणाला.

तिने डोळे बारीक करून पाहिलं. "हा? हा तर सकाळचा नको-नको वाला. माळ पुढे केली तर हात असा हलवला, जशी काही मी माशीच."

"क्लो," तो कसाबसा म्हणाला, "मी ओळखलं नाही गं तुला."

तिने टोपली बाजूला ठेवून खिडकीतून हात पुढे केला. मग त्याच्या लहानपणच्या नावाने हाक मारत म्हणाली, "मी तरी कुठे ओळखलं, टिपी?"

मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या. तांटी मर्ल खाली उतरली आणि एकेका खिडकीशी जाऊन बातमी देऊन आली. भोंगे बंद झाले. सगळ्यांनी मिळून क्लोटिलला पांढऱ्या बसमधून उतरवून माझ्यात बसवलं. निदान धक्क्यापर्यंतचा रस्ता तरी दोघांना एकत्र मिळावा, एवढाच हेतू होता. माझ्या मागच्या बाकावर ती दोघं हातात हात घेऊन बसली. इतक्या वर्षांचं कुठून सुरू करायचं? शेवटी तिने टोपलीतून केळं काढून सोलून त्याला दिलं. त्याने ते खाल्लं.

आणि ग्वाव गावापुढच्या चढावर माझ्या तोंडातून वाफ निघाली. पाण्याची रबरी नळी कधीपासून ठिबकत होती, पण तिचा शनिवार काही उगवला नव्हता. त्या दिवशीच्या धावपळीत ती फुटली आणि मी थांबले. क्लीटस मान खाली घालून रस्त्यात उभा राहिला. मला वाटलं, आता मेलेली बरी. आयुष्यात एकदा कुणाला वेळेवर पोहोचवायचं होतं, तेही जमलं नाही.

तेवढ्यात मागून केळ्यांचा टेम्पो आला. चालक म्हणाला, "पुढे एकच माणूस बसेल. लगेच निघालात तर बोट मिळते."

"जा, जा," सगळे म्हणू लागले. तांटीने त्याची टोपी त्याच्या हातात दिली. क्लोटिलही म्हणाली, "जा टिपी. बोट कुणासाठी थांबत नाही. मला भेटलास, पुष्कळ झालं."

ऑब्री उतरला. टेम्पोच्या पायरीवर त्याने एक पाय ठेवला आणि मागे वळून पाहिलं. माझ्या उघड्या दारातून क्लोटिलचे पाय दिसत होते. तिने चपला काढून ठेवल्या होत्या.

"क्लो, ही सूज कधीपासून आहे?" त्याने विचारलं.

"असेल दोन-तीन पावसाळे. तू जा आधी."

"औषध कोण आणून देतं?"

तिने पाय बाकाखाली ओढून घेतले. ऑब्रीने पाय खाली घेतला, टेम्पोवाल्याचे आभार मानले आणि परत माझ्या मागच्या बाकावर येऊन बसला.

"अरे, बोट जाईल," ती म्हणाली.

"जाऊ दे. पासपोर्ट खिशात आहे. बोटीवर नुसते कपडे आहेत आणि तेही असलेच फुलाफुलांचे."

"वेडा आहेस तू. घरी एकच अंडं आहे रे," असं म्हणून ती रडायला लागली.

चढावरून समुद्र दिसतो. थोड्या वेळाने ती पांढरी बोट निघाली, भोंगा वाजवत गेली. बसमधल्या कुणीही मान वळवून पाहिलं नाही. सगळे त्या एका अंड्यावर भांडत होते. एकीने कोंबडी देऊ केली, दुसरीने नीरफणस, आणि तांटी मर्लने सगळ्यांना दटावून जेवण आपल्याच घरी ठरवलं. मी मधोमध वाफ सोडत उभी होते, आणि खरं सांगू? इतकी खूश मी त्या पिवळ्या टोप्यांच्या दिवसांतही नव्हते.

माझी नळी दुसऱ्याच दिवशी बदलली, शनिवार नसतानाही. मित्रांनो, जुन्या गाडीला फार काही लागत नाही. वेळच्या वेळी थोडं पाणी, थोडं तेल आणि कुणीतरी वाकून 'कुठे दुखतं' म्हणून विचारलेलं. जुन्या माणसांचंही तेच असतं. तुमचं असं कुणी दूर राहत असेल, तर या सुट्टीत जरूर जा. पण चार तासांसाठी जाऊ नका.