पेट्रीना मावशीने धुतलेला हातमोजा

ही १९६३ सालची गोष्ट. उत्तर नॉर्वेतल्या संघांना राष्ट्रीय फुटबॉल चषकात त्या वर्षी पहिल्यांदा प्रवेश मिळाला आणि आमच्या टाइस्टोया बेटानेही आपला संघ उतरवला. मित्रांनो, मी त्या संघाच्या गोलरक्षकाचा एक जुना लोकरी हातमोजा आहे. जोडीतला उरलेला एक.

मला पेट्रीना मावशीने विणले. आमच्याकडे कोळ्यांचे मोजे हाताच्या दुप्पट मोठे विणतात आणि समुद्राच्या पाण्यात चोळून चोळून आटवतात. मग लोकर जाड, घट्ट होते. आम्हांला अंगठेही दोन असतात. एक झिजला की मोजा फिरवून दुसऱ्या बाजूने घालायचा. मी आणि माझा भाऊ, म्हणजे जोडीतला दुसरा मोजा, मावशीच्या भाच्याचे, गोलरक्षक हागबार्टचे. जाळी ओढता ओढता माशांचे तेल आमच्यात असे मुरले होते, की ओला चेंडूही आम्हांला येऊन चिकटायचा.

हागबार्टच्या वडिलांना समुद्राने नेले होते. आईही फार दिवस राहिली नाही. त्या पोराला मावशीनेच वाढवले.

चषकात हरला तो घरी जातो. पहिल्या फेरीत आम्ही शेजारच्या बेटाला हरवले, दुसरीत खाडीपलीकडच्या गावाला. मासेमारीच्या होडीचा मालक ओडवार हाच आमचा कप्तान. तो मैदानातून ओरडायचा, "हागबार्ट, तुला उडी मारायची गरजच काय? वास घेऊन चेंडू आपणहून येतोय तुझ्याकडे!"

तिसरा सामना शहरात, तिथल्या बड्या क्लबशी होता. त्या क्लबचा एक माणूस हागबार्टला बघून गेला होता. मावशीच्या घरी कॉफी पिताना तो म्हणाला, "शहरात असाच खेळलास तर आमच्याकडे घेऊ तुला. गोदीवर कामही देऊ."

तो गेल्यावर मावशी कितीतरी वेळ कप पुसत राहिली.

"जमिनीवरचं काम," ती म्हणाली. "ऐकलंस ना रे?"

"ऐकलं मावशी. कप फुटेल आता."

सामन्याच्या आदल्या दिवशी तिने आम्हां दोघा भावांना नाकाशी धरले आणि तोंड वाकडे केले. शहरातल्या माणसांशी हात मिळवताना आपल्या पोराला माशांचा वास येऊ नये, एवढेच तिच्या मनात होते. खाऱ्या पाण्याने लोकरीवर पांढरे डाग राहतात, म्हणून ती समुद्राकडे गेली नाही. पावसाच्या पाण्याच्या पिंपात तळाला थोडेसे पाणी उरले होते. त्यात हिरवा मऊ साबण घालून तिने आम्हांला जीव लावून धुतले. खळबळायला पाणी पुरले नाही. साबण आत राहिला.

शहरात पाऊस होता. आधी कुणाला काही कळले नाही. शून्य-शून्य चालले होते. मग मी भिजलो आणि माझ्यातून पांढरा फेस येऊ लागला. हागबार्टने मला विजारीला पुसले, तर विजारही फेसाळली.

गोलामागून कुणीतरी ओरडले, "अहो, ह्याने धुणं घरून आणलंय!"

"माझे पायमोजेही घे रे बाबा!" दुसरा म्हणाला, आणि सगळे मैदान हसले.

शेवटी एक साधा चेंडू आला. शाळकरी पोराने धरला असता असा. तो आमच्यातून निसटला, मागे गेला आणि रेषेच्या आत जाऊन थांबला. गोदीवर काम देऊ म्हणणारा तो माणूस सामना संपताच छत्री उघडून निघून गेला.

परतीच्या होडीत ओडवारने सगळ्यांना बजावले, "साबणाचं नाव पेट्रीनापुढे काढलंत, तर पाण्यात फेकीन एकेकाला."

मावशी धक्क्यावर उभी होती. हागबार्ट तिला म्हणाला, "पाऊस फार होता गं मावशी. आणि ते लोक फार चांगले खेळले."

गावाने ओडवारचा शब्द पाळला. हागबार्टने पुन्हा गोल राखला नाही. आम्ही होडीघरातल्या खिळ्याला लटकत राहिलो.

जानेवारीत कॉड मासा लवकर आला. हागबार्ट घाईघाईने निघाला. माझे दोन्ही अंगठे फाटले होते, म्हणून त्याने भावाला घेतले आणि दुसऱ्या हाताला कुठलातरी जुना मोजा. "ह्याला तेवढा रफू करून ठेव," म्हणाला आणि मला मावशीच्या मांडीवर टाकून गेला.

शिवायला लोकर मऊ व्हावी म्हणून मावशीने मला पाण्यात बुडवले. पाण्यावर फेस आला.

सामन्याच्या दिवशी शहरात पाऊस होता, हे तिला आठवले. मग उठून वाऱ्यात किनाऱ्यावर गेली आणि गुडघाभर पाण्यात उभी राहून मला खळबळत राहिली, फेस यायचा थांबेपर्यंत. पोर परत आले की त्याला काय विचारायचे, ते ती पुटपुटत होती.

ओडवारची होडी आली, पण हागबार्ट आला नाही. माझा भाऊ त्याच्या हातातच होता.

ओडवारने होडी विकली आणि म्हातारपणापर्यंत प्रवासी बोटीवर दोर बांधायचे काम केले. शहरातल्या क्लबच्या त्या माणसाला हागबार्टचे नाव आठवले नसेल. मावशी पुष्कळ जगली. गावासाठी मोजे विणत राहिली, पण माझे अंगठे तिने कधीच शिवले नाहीत.

मी आता आमच्या बेटाच्या क्लबच्या खोलीत आहे. मला कसर लागली आहे. क्लबच्या येत्या वाढदिवसाला मला स्वच्छ करून काचेत ठेवायचे, असे ठरते आहे. मित्रांनो, कसर झटका, हवे तर मला काचेत ठेवा. पण धुऊ नका. कष्टाच्या वासाची कुणी लाज धरू नये. आणि माझ्या लोकरीत जे मीठ उरले आहे, ते त्या दिवशीच्या समुद्राचे आहे. माझा भाऊ आणि हागबार्ट अजून त्याच पाण्यात आहेत.