पांढऱ्यातला निळा

"अहो, हा मोतिया आहे? हळद कालवलीय नुसती!" पेंटरने डब्याचं झाकण काउंटरवर आपटलं.

रंगवाल्याने काडी बुडवून कागदावर पट्टा ओढला आणि दाराशी उजेडात धरला. त्याला रंग अगदी हवा तसा दिसत होता. उलट निळाच जरा जास्त वाटत होता, म्हणून तर त्याने निळ्याचे दोन थेंब कमी घातले होते. सत्तावीस वर्षं तो नुसत्या नजरेने रंग जुळवत आला. दुकानात रंग मिसळायचं यंत्र आलं, तरी जुनी गिऱ्हाइकं त्याच्याचकडे यायची. आणि या आठवड्यात हा तिसरा डबा परत आला. मालक यंत्राकडे एकवार बघून आत गेला.

तसं त्याचं महिनाभर बिनसलंच होतं. डोकं ठणकायचं, कान तापायचे. पण तो घेत होता त्या झाडपाल्याच्या गोळ्या, त्यांनी कुठे काय होतं? डबीवर तसं लिहिलंच होतं. त्यावरचे 'मर्दानी ताकद' हे शब्द मात्र त्याने नखाने खरवडून टाकले होते. गुण आला होता का? एकदा आल्यासारखा वाटला. दुसऱ्यांदा छाती इतकी धडधडली, की तो घाबरून पाठ करून झोपला. बायको काय समजली, देव जाणे.

बायकोनेच त्याला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे ओढत नेलं.

बाईंनी दिवे मारून पाहिले, अक्षरं वाचून घेतली. "डोळ्यांत दोष नाही. कुठलं औषध चालू आहे का?"

"छे!" तो म्हणाला. पण नजरच गेली तर आपल्याकडे उरणार काय? आणि बोलावं तर शेजारी ही. त्याने घसा खाकरला. "एक... ताकदीचं घेतो. पुरुषांचं. झाडपाल्याचं आहे हो."

बायको भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत राहिली.

"असल्या गोळ्यांत कधी कधी न सांगता दुसरंच औषध मिसळलेलं असतं. त्याने निळसर दिसू शकतं," बाई म्हणाल्या. "आजपासून बंद. आणि साखर, रक्तदाब तपासून घ्या. मूळ दुखणं तिथेही असू शकतं."

जिना उतरताना बायको थांबली. "मी कधी काही म्हटलं होतं का तुम्हाला?"

"नाही."

"मग?"

"तू काहीच म्हणत नव्हतीस, म्हणून तर..."

"अहो, मी झोपेचं सोंग घ्यायचे," ती म्हणाली. "तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

खालून कुणीतरी वर येत होतं. त्याला वाट द्यायला दोघं भिंतीशी सरकली. तो माणूस वर निघून गेला, तरी दोघांपैकी कुणी पुढची पायरी उतरेना.