आतून लागणारा दरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे, न्हाणीघराचा. नाक मुरडू नका, मित्रांनो. घरात मान पुढच्या दरवाजाला असतो, पण अडल्या वेळी माणूस धावतो तो माझ्याकडेच.

मला जाड फळ्यांतून घडवले, तीन बिजागऱ्यांवर टांगले आणि दोन्ही अंगांना पितळी मुठी बसवल्या. येणारा-जाणारा त्यांचे कौतुक करी आणि मला भारी तोरा चढे. मी आतल्या बाजूला उघडत असे आणि उघडलो की अर्धे न्हाणीघर अडवून ऐसपैस उभा राहत असे. त्यात काही वावगे आहे असे मला कधी वाटले नाही.

मग आत्या पडली. घरातल्या मुलांची ती आत्या, म्हणून मीही तिला आत्याच म्हणतो. ती लोकांचे कपडे शिवते. कमरेला मार बसला आणि तिच्या नशिबी चाकांची खुर्ची आली. खुर्ची आत गेली की मला बंद व्हायला जागाच उरत नसे. मग तिची वहिनी बाहेर पाठ फिरवून चादर धरून उभी राही. ती कधी कुरकुरली नाही. पण आत्या मान खाली घालून बाहेर येई, ते मला बघवत नसे.

एके दिवशी आत्याने भावाला सांगितले, "दादा, हा दरवाजा मला आतून लावता आला पाहिजे. माझ्या हातानं."

"पडदा लावू या की," दादा म्हणाला.

"पडदा लावून तू जाशील आंघोळीला?"

दादाने सुताराला बोलावले. घडीच्या दरवाजात बोटे चिमटतात, म्हणून तो नको झाला. भिंतीच्या पोटात सरकणारा बसवावा, तर तिच्यातून पाण्याचा नळ गेलेला. शेवटी बाहेरून भिंतीवर रूळ ठोकून त्यावर दरवाजा सरकवायचे ठरले.

"नवाच बसवू का?" सुताराने विचारले.

आत्याने मला टकटक करून पाहिले. "हाच बसवा. अजून ठणठणीत आहे."

सुताराने मला कडेने पट्ट्या जोडून रुंद केले आणि रुळावर चढवले. उंबराही काढून टाकला. दादाने रिकामी खुर्ची आत-बाहेर करून पाहिली. अगदी मापात गेली. सगळे खूश झाले.

मग आत्या खुर्चीत बसून निघाली आणि तिच्या दोन्ही हातांची सालटी निघाली. माझी आतली मूठ भिंतीच्या कडेला अडत होती, त्यामुळे मी चार बोटे वाटेतच राहत होतो.

"तुम्ही खुर्ची मोजलीत, ती चालवणारे हात नाही मोजलेत," आत्या म्हणाली. "हँगरचं माप घेऊन मी कधी कुणाचा सदरा शिवला नाही."

"तेवढ्यापुरतं आम्ही ढकलू की तुला," दादा म्हणाला.

"नाही. मूठ काढा."

सुताराने माझा तोरा उतरवला. खोटे कशाला बोलू, मला वाईट वाटले. मुठीच्या जागी त्याने पटाशीने बोटे मावतील एवढी खाच कोरली आणि कडी चौकटीवर बसवली.

आत्या पुन्हा निघाली. या वेळी हात कुठे घासले नाहीत. आत जाऊन तिने खाचेत बोटे घातली आणि ओढले. मी अर्ध्यावर अडखळलो. तिने दात-ओठ खाऊन पुन्हा ओढले, आणि कडी लागली.

बाहेर वहिनी सवयीने चादर धरून उभीच होती.

"वहिनी, जा आता," आतून आवाज आला. "ती चादर घडी करून ठेवा."

मित्रांनो, माझ्या रुळात केर साचू देऊ नका. माझ्या शेजारच्या भिंतीला सायकल टेकवू नका. परवा कुणीतरी टेकवली, मी सरकू शकलो नाही आणि आत्या आत ताटकळत बसली. ती जागा रिकामी दिसते, पण ती आत्याची आहे.